साइट हलते, टपाल अडकतं

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्याला घरूनच वेबसाइट बनवण्याचं काम करतो. सात वर्षांत 34 गिऱ्हाइकं जमली. तुर्भ्याचे दोन मसाल्याचे व्यापारी, नेरूळचे क्लासवाले, कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले, वाशीच्या एक दातांच्या डॉक्टर, अशी. सगळ्यांच्या साइट एकाच रीसेलर अकाउंटवर, म्हणजे घाऊक घेतलेल्या भाड्याच्या जागेवर, आहेत. यंदा तिथला भाव जवळपास दुप्पट झाला आणि साइटही रडतखडत उघडतात. म्हणून नवीन होस्टिंग घेतलंय, त्यांचा सर्व्हर महापेत आहे. एका शनिवार-रविवारात सगळ्या साइट हलवाव्यात, गिऱ्हाइकांना काही बोलूच नये, असा बेत आहे. सोमवारी कुणाला कळताही कामा नये. जमेल ना?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : साइट हलतील, शनिवारच्या रात्रीतच हलतील. आणि सोमवारी गिऱ्हाइकांना कळेल. साइटवरून नाही, मेलवरून.

मी ठाण्याच्या नौपाड्यात हे काम एकोणीस वर्षं करते आहे आणि हा धडा मला वागळे इस्टेटमधल्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या शेठजींनी दिला. त्यांची साइट मी अशीच शनिवारी रात्री नव्या सर्व्हरवर नेली. नेम सर्व्हर (साइटच्या नावाच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) बदलले, साइट चटकन उघडली, फोटो दिसले, मी खूश होऊन झोपले. सोमवारी अकराला शेठजींचा फोन. आवाज अगदी मऊ : “मॅडम, आज ऑफिसात फार शांत आहे हो.” रविवार सकाळपासून त्यांना एकही मेल आलेला नव्हता.

झालं होतं असं. त्यांची मेल साइटच्या सर्व्हरवर नव्हतीच, वेगळ्या ठिकाणी होती. मेल कुठे पोचवायची हे सांगणारा एमएक्स रेकॉर्ड जुन्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नोंदींच्या यादीत, होता. नेम सर्व्हर बदलले की जुना डीएनएस बाद, आणि नव्या सर्व्हरच्या कंट्रोल पॅनेलने आपणहून एमएक्समध्ये स्वतःचंच नाव लिहून ठेवलेलं. जगभरातली मेल नव्या सर्व्हरच्या दारात येत होती आणि तो “या नावाचं इथे कुणी राहत नाही” म्हणून हाकलून देत होता. सर्व्हर नुसता बंद असता तरी परवडलं असतं. दार बंद दिसलं तर पाठवणारा सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन बघतो, तशी पद्धतच आहे. पण दार उघडून कुणी “नाही” म्हटलं की मेल त्याच क्षणी माघारी. नौपाड्यात रीडेव्हलपमेंटमुळे अर्धी गल्ली भाड्याच्या घरी गेली आहे, त्यांना विचारा. बंद घराला पोस्टमन पुन्हा येतो, वॉचमनने “ते गेले इथून” सांगितलं की संपलं.

एमएक्स दुरुस्त केला, मेल सुरू झाली. मला वाटलं सुटले. खरी गंमत पुढेच होती. साइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममधून येणारी मेल तरीही पोचत नव्हती. बाकी जगाची येत होती, फक्त फॉर्मची नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका खरेदी अधिकाऱ्याने फोन करून “फॉर्म भरला, उत्तर का नाही?” म्हणून विचारलं, तेव्हा कळलं. नव्या सर्व्हरची समजूत अशी होती की या डोमेनची (साइटच्या नावाची) मेल आपल्याकडेच असते. म्हणून फॉर्मची मेल तो बाहेर सोडतच नव्हता, घरातल्या घरात नाकारून आपल्याच, कुणीही न उघडणाऱ्या पेटीत टाकत होता. पेटीत अकरा चौकशा निघाल्या. सीपॅनेल या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘ईमेल रूटिंग’ म्हणून एक जागा आहे, तिथे मेल बाहेर असेल तर ‘रिमोट’ करायचं असतं. एक टिचकी. पण त्या अकरा चौकशांपैकी किती ऑर्डर झाल्या असत्या, याचा हिशोब शेठजी मला दिवाळीच्या मिठाईबरोबर दर वर्षी ऐकवतात.

तेव्हा तुम्ही आधी एक वही घ्या. एक्सेल चालेल, पण मी वहीच वापरते. दर गिऱ्हाइकाला एक पान. डोमेन कुठून घेतलंय, लॉगिन कुणाकडे, डीएनएस कुठे आहे, मेल कुठे आहे, एवढं लिहा. मग डीएनएसमधला प्रत्येक रेकॉर्ड उतरवून घ्या, टीएक्सटी (नुसत्या मजकुराचे) रेकॉर्डसुद्धा. मेल खरी की खोटी हे ठरवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम त्यातच असतात. एसपीएफमध्ये जुन्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असेल आणि फॉर्मची मेल आता नव्याकडून निघणार असेल, तर नव्याचाही पत्ता त्यात हवा, नाहीतर मेल स्पॅममध्ये. या 34 पानांना तुम्हाला शनिवार-रविवारपेक्षा जास्त वेळ लागेल. लागू द्या.

ज्यांची मेल जुन्याच सर्व्हरवर आहे ते तुमचे अवघड पेशंट. त्यांच्या पेट्या आधी नव्याकडे तयार करा, आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) जुनी मेल उतरवा, पत्ता बदलल्यावर पुन्हा एकदा उतरवा म्हणजे मधली राहिलेली येते. आणि ऑफिसातल्या एखाद्या काकांच्या कॉम्प्युटरवर पॉप3 (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) लावलेलं असेल तर त्यांची दहा वर्षांची मेल बहुधा फक्त त्या एकाच डब्यात आहे, सर्व्हरवर काही नाही. त्या डब्याला हात लावण्याआधी फाइलची कॉपी घ्या.

जमेल तिथे नेम सर्व्हर बदलूच नका. जुना डीएनएस त्याच होस्टिंगचा असेल तर तो आधी वेगळ्या डीएनएस सेवेवर न्या, सगळे रेकॉर्ड जसेच्या तसे ठेवून. चार दिवस सगळं नीट चालू दे. मग त्यातला फक्त ए रेकॉर्ड (साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारा) नव्या सर्व्हरकडे वळवा. त्याच्या आदल्या दिवशी टीटीएल (नोंद किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा) 300 वर आणून ठेवा. तो बऱ्याचदा 14400 असतो, म्हणजे चार तास. 300 म्हणजे पाच मिनिटं. काही बिघडलं तर पाच मिनिटांत मागे फिरता येतं, आणि रात्री अकराला त्या पाच मिनिटांची किंमत कळते.

वळवण्याआधी तपासायचं कसं? नव्या सर्व्हरच्या तात्पुरत्या पत्त्यावर उघडून बघू नका. वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) तो पत्ता डेटाबेसभर लिहून ठेवतं आणि मग तुम्ही तो नोटपॅडमध्ये शोधून बदलत बसता. तिथे मजकुराबरोबर त्याची लांबीही मोजून ठेवलेली असते, पत्ता लहान-मोठा झाला की विजेट आणि सेटिंग गायब. त्यापेक्षा आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फायलीत (लॅपटॉपची स्वतःची पत्त्यांची यादी) डोमेनपुढे नव्या सर्व्हरचा आयपी (आकडी पत्ता) लिहा. खऱ्या नावाने नवी साइट फक्त तुम्हाला दिसेल. काम झालं की ती ओळ काढा. मी एकदा काढायला विसरले आणि चार दिवस स्वतःच्या कामावर खूश होते, बाकी दुनियेला जुनीच साइट दिसत होती.

तपासताना मराठी पानं आवर्जून उघडा. बॅकअप घेताना आणि भरताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) जुळला नाही तर ‘मसाला’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’ दिसतं, त्याच्या मागे कधी चलनाचं गोल चिन्ह, तर कधी चक्क जपानी येन. आपलं देवनागरी अक्षर तीन बाइटचं, त्याला तीन वेगळी अक्षरं समजून वाचलं की हा पसारा होतो. मजकूर नासलेला नसतो, चुकीचा वाचलेला असतो, तेव्हा घाबरून पुन्हा टाइप करायला बसू नका. बॅकअप योग्य सेटने परत घ्या. इमोजीला चार बाइट लागतात, म्हणून अक्षराला तीनच बाइट देणाऱ्या डेटाबेसच्या जुन्या यूटीएफ8 टेबलात मराठी टिकतं आणि इमोजीपासून पुढचं वाक्य तुटतं. क्लासवाल्यांच्या निकालाच्या पोस्ट बघाच, तिथे इमोजींचा पाऊस असतो.

पीएचपी (साइट ज्या भाषेवर चालते ती) त्याच दिवशी बदलू नका. सात वर्षांच्या साइट म्हणजे काही नक्की 7.4 वर असतील. त्या आवृत्तीचा सांभाळ नोव्हेंबर 2022 मध्ये संपला, तेव्हा 8 वर जायला हवंच. पण आधी जुन्याच सर्व्हरवर 8 लावून बघा. घर आणि गॅस सिलिंडर एकाच दिवशी बदलला की वास कशाचा येतोय ते कळत नाही. एसएसएलचं (साइटच्या पत्त्यापुढच्या कुलपाचं) म्हणाल तर पत्ता वळेपर्यंत नवा सर्व्हर फुकटचं सर्टिफिकेट सहसा काढू शकत नाही, म्हणून जुनंच त्याच्या खाजगी किल्लीसकट आधी तिकडे भरा.

आता महापे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं आहेत हे खरं. सर्व्हर अमेरिकेतून इथे आला तर प्रत्येक फेरीला दोनशे-एक मिलिसेकंद वाचतात. पण तुमच्या मसालेवाल्यांच्या पहिल्या पानावर मिरचीचा चार एमबीचा फोटो असेल, तर सर्व्हर त्यांच्या गाळ्यात आणून ठेवला तरी साइट रडेल. (माझ्या एका गिऱ्हाइकाला आपला सर्व्हर ‘बघायला’ जायचं होतं. कुटुंबासह.)

क्रम असा ठेवा. पहिली स्वतःची साइट. मग डॉक्टरबाई, त्यांची मेल बहुधा जीमेलवरच असेल. मसालेवाल्यांना मार्च ते मे हात लावू नका, तो त्यांचा हंगाम. क्लासवाल्यांना मे-जूनमध्ये नको, तेव्हा प्रवेश असतात. ज्यांच्या साइटवर ऑर्डर आणि पैसे घेतले जातात त्यांचं दुकान रात्री तासभर बंद ठेवून मगच हलवा, नाहीतर अर्ध्या ऑर्डर जुन्या डेटाबेसात आणि अर्ध्या नव्यात. आठवड्याला चार-पाचच करा, आणि शनिवारी नाही, मंगळवारी. शनिवारी रात्री अडलं तर सपोर्टवर तुम्हाला नुसता तिकीट नंबर मिळतो. जुन्या होस्टिंगचे दोन महिने जादा भरा, साइट हलल्यावरही ते चालू राहू दे.

गिऱ्हाइकांना सांगाच. लांबलचक पत्र नको, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पुरतात : “मंगळवारी रात्री तुमची साइट नव्या सर्व्हरवर नेतोय. बुधवारी सकाळी एक मेल बाहेरून मागवून बघा आणि फॉर्म भरून बघा, आला नाही तर लगेच फोन करा.” पैसेही मागा. मी मागते.

प्रश्न : माझ्या भरतनाट्यमच्या क्लासची साइट दुसरीकडे नेताना 48 तास बंद राहील असं आमचे साइटवाले म्हणतात. एवढा वेळ लागतो?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : बंद राहायचं कारण नाही. 48 तास हा आकडा हवेतला नाही. .कॉमच्या मुख्य नोंदीत नेम सर्व्हरची माहिती 172800 सेकंद जपून ठेवायला सांगितलेली असते, म्हणजे बरोबर दोन दिवस. तेवढ्या काळात काहींना जुनी साइट दिसेल, काहींना नवी. दोन्हीकडे साइट चालू असेल तर कुणालाच बंद दिसणार नाही. त्यांना एवढंच विचारा : जुनं कधी बंद करणार? “त्याच दिवशी” म्हणाले तर थांबवा.

प्रश्न : माझा टूरचा व्यवसाय आहे. साइट बनवणारा मुलगा फोन उचलत नाही आणि डोमेन त्याच्याच नावावर आहे असं आता कळलं. काय करू?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी भांडू नका, किल्ली त्याच्याकडे आहे. हूइजवर (डोमेनची नोंद दाखवणारी सेवा) डोमेनची मुदत आणि रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) कोण ते बघा, मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा. तुम्ही त्याला दिलेले पैसे, बिलं, मेसेज एकत्र करा. मग त्याला शांतपणे लिहा की डोमेन माझ्या नावे आणि माझ्या ईमेलवर करून दे, त्याचे वेगळे पैसे देतो. पैशाचा उल्लेख असला की उत्तर लवकर येतं, असा माझा अनुभव. .कॉम असेल तर तुम्ही नोंदलेले मालक झाल्यावर रजिस्ट्रारला ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायचा परवलीचा शब्द) पाच दिवसांत द्यावाच लागतो. पण हा हक्क ज्याच्या नावाची नोंद आहे त्याचा, ज्याने पैसे भरले त्याचा नाही. म्हणून नाव आधी, हलवाहलव नंतर.

आणि कोपरखैरण्याचे वाचक, हे उत्तर तुम्हीही वाचा. तुमच्या 34 पैकी किती डोमेन तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आहेत, ते वहीत पहिल्या रकान्यात येऊ द्या.