पंख्याला हात न लावता पंखा शिकता येतो?

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव आर्णी तालुक्यात, घरी कोरडवाहू कापूस. उन्हाळ्यात पुण्याला पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. काम सीएफडीचं, म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर मांडायचा. बाबा विचारतात, पंख्याला हात न लावता पंखा काय शिकशील? मलाही तीच शंका आहे. लॅपटॉप ८ जीबीचा. काय तयारी करू?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : जा, नक्की जा. आणि बाबांचा प्रश्न सोबत ने.

मी मूर्तिजापूरकडची. माझ्या इंटर्नशिपमध्ये पात्याचं टोक आणि बाहेरचं कडं यांतली फट मी मॉडेलमधून वगळली होती, कारण एवढ्याशा जागेत मेश, म्हणजे गणितासाठी हवेची जागा बारीक तुकड्यांत पाडणारी जाळी, नीट बसेना. रंगीत चित्र देखणं आलं. पण चाचणीत पंख्याचा दाब माझ्या आकड्यापेक्षा बराच कमी निघाला. त्या फटीतून हवा जास्त दाबाच्या बाजूकडून कमी दाबाच्या बाजूला निसटते, तिथं भोवरा तयार होतो आणि दाब पडतो. गाइडनी मला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) देऊन पंख्यापाशी पाठवलं. चार ठिकाणी फट मोजली, चारही आकडे वेगळे!

तुझी तयारी घरच्या कूलरपासून कर. कॉलेजच्या लॅबमधून ॲनेमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजायचं यंत्र, माग. हवा बाहेर पडते त्या जाळीवर दोऱ्याने १६ चौकोन पाड, प्रत्येकात वेग मोज. सरासरी वेग गुणिले क्षेत्रफळ म्हणजे प्रवाह. जाळी ०.२ चौरस मीटर आणि सरासरी वेग ३ मीटर प्रति सेकंद असेल, तर ताशी २,१६० घनमीटर हवा. मधोमध, मोटरसमोर, वेग फार कमी दिसेल, तेही लिही. मग बोअरच्या क्षारांनी बुजलेल्या ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे ओले पॅड, काढून नव्या बसव आणि पुन्हा मोज. मोटर तीच, पाती तीच, तरी प्रवाह बदलतो, कारण हवेला होणारा अडथळा बदलला. पंख्याचा दाब-प्रवाह आलेख कळायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मात्र ताट्या काढण्याआधी प्लग काढ, आणि चालू कूलरच्या पत्र्याला हात लावू नकोस. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात.

८ जीबीत शिकण्यापुरतं काम होतं. ओपनफोम हे सीएफडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे आहेत. सुरुवातीला एमआरएफ (मल्टिपल रेफरन्स फ्रेम) ही पद्धत शीक : त्यात पाती प्रत्यक्ष फिरवत नाहीत, त्यांच्याभोवतीच्या हवेची समीकरणं फिरत्या चौकटीत सोडवतात. पाच पात्यांच्या पंख्याचा ७२ अंशांचा एकच तुकडा घेतला तरी चालतं. पण कडं गोल असेल तरच. कूलरच्या चौकोनी पेटीत तो पंखा पूर्णच घ्यावा लागेल. टर्ब्युलन्स मॉडेलची (हवेची खळबळ गणितात मांडायच्या पद्धतीची) निवड तिथले लोक सांगतील, त्यात आत्ता अडकू नकोस.

उत्तर आलं की फॅन लॉ, म्हणजे फेऱ्यांनुसार प्रवाह, दाब आणि शक्ती कशी बदलते याचे नियम, लावून बघ. फेरे २० टक्क्यांनी कमी केले, तर प्रवाह ८० टक्के, दाब ६४ टक्के आणि लागणारी शक्ती जवळपास निम्मी, ५१ टक्के यायला हवी. फार वेगळं आलं तर आधी मेश तपास.

आणि पहिल्याच दिवशी त्या पंख्याचा चाचणी अहवाल माग, टेस्ट रिग (पंख्याची चाचणी घ्यायची मांडणी) कुठं आहे तेही विचार. बाबांना तिथून फोन कर. कूलरचे आकडे मात्र निघण्याआधी मला पाठव, ताट्या बदलण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही.