बीपीमुळे हृदय मोठं झालंय का, हे रक्त तपासून कळतं का?

वडिलांचा एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला, मग इको (हृदयाची सोनोग्राफी) टाळावा का, असं तुम्ही विचारलंय. कृपया टाळू नका.

बीपी वर्षानुवर्षं जास्त राहिलं की हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते; इथे हृदय मोठं होणं म्हणजे हेच. कप्प्यावर ताण आला की तिथल्या पेशी एक प्रथिन सोडतात. त्याचे दोन तुकडे म्हणजे बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी. दुसऱ्याचा आकडा १२५ पिकोग्रॅम प्रति मिलीच्या आत असला की हार्ट फेल्युअरची (हृदयाचं पंपिंग कमी पडण्याची) शक्यता कमी, एवढंच म्हणता येतं. भिंत जाड होऊनही तो नॉर्मल येऊ शकतो. वजन जास्त असलेल्यांत तर तो मुळातच कमी येतो, आणि नेमके तिथेच लोक निर्धास्त होतात. उलट वाढलेलं वय, किडनीचा आजार किंवा एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) असेल तर हृदय मोठं नसतानाही वाढतो. सॅक्युबिट्रिल ही हार्ट फेल्युअरवरची गोळी चालू असेल तर बीएनपीचा आकडा धरू नका, एनटी-प्रोबीएनपीच बघा.

इकोत भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये थेट मोजतात. ईसीजी स्वस्त, पण त्यात बरेच जण सुटतात. जाडी निघालीच तरी घाबरू नका. बीपी आटोक्यात ठेवलं तर ती पुष्कळदा कमी होते.