वात्सल्यता नाही हो, वात्सल्य! आणि त्यातलं वासरू

नगर रोडकडच्या एका चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मदर्स डेच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर प्रवचनात "देवाची वात्सल्यता" म्हणाले. बाहेर आल्यावर एक मावशी म्हणाल्या की वात्सल्य फक्त आईचं असतं, देव तर आपला बाप, तेव्हा मुलांना "देवाची ममता" असं शिकव. तर ताई विचारतायत, बरोबर काय?

आधी ते "वात्सल्यता" खाली ठेवा. वत्सल हे विशेषण, त्याचं नाम वात्सल्य, झालं, काम संपलं. त्याला परत ता लावणं म्हणजे टोपीवर टोपी. सौजन्यता, ऐक्यता, सौंदर्यता, प्रत्येक फ्लेक्सवर हेच, आणि मे महिन्यात तर व्हॉट्सॲपवर "मातेची वात्सल्यता" गुलाबाच्या फुलासकट दिवसातून दहादा येते. ता लावायची हौसच असेल तर वत्सलता म्हणा, तो शब्द चालतो.

बापाला वात्सल्य कसं, हा प्रश्न पुण्यात बसून पडावा याची मला गंमत वाटली. आळंदीचे ज्ञानोबा पुरुष, त्यांना माउली म्हणतो, कमरेवर हात ठेवून उभा तो विठोबा, त्याची विठाई करतो, वारीत तर मिशीवाल्या पोलिसालाही "माउली, जरा सरका" म्हणतात. हे सगळ्यांना माहितीय, सोडून देतो. मला सांगायचंय ते वासराचं.

वत्स म्हणजे वासरू. आपलं वासरू हा शब्दच वत्सरूप पासून आलाय, जसा मत्स्यचा मासा झाला तसा वत्सचा वास-. म्हणजे वात्सल्य हा मुळात बाईचा नाही, गाईचा शब्द! आणि वत्स तरी कुठून आला, तर वत्सर म्हणजे वर्ष, आपल्या पाडव्याच्या संवत्सरातलं. वत्स म्हणजे वर्षाचं जनावर. लॅटिनमध्ये याच कुळातून वेतुस म्हणजे जुना, बरीच वर्षं झालेला (आपले व्हेटरन खेळाडू त्यातलेच), आणि वितुलुस म्हणजे वासरू. आता मजा बघा, दक्षिण इटलीतल्या ऑस्कन भाषेत त्या देशाचं नाव होतं वितेलिउ, म्हणजे वासरांचा देश, आणि पुढं व गळून त्याचं इटालिया झालं असं मानतात. इसवी सनापूर्वी ९० च्या आसपास इटलीतल्या जमाती रोमविरुद्ध उठल्या तेव्हा त्यांनी पाडलेल्या नाण्यांवर हे नाव आहे, आणि काही नाण्यांवर बैल लांडग्याला शिंगांनी चेचतोय, लांडगा म्हणजे रोम. काही पंडित इटलीची ही व्युत्पत्ती मानत नाहीत, ते नाव ग्रीकांच्या तोंडून आलं, मधले दुवे सापडत नाहीत वगैरे म्हणतात. म्हणू देत. नाण्यावर अक्षरं आहेत, बैल आहे, अजून काय त्यानं हंबरून दाखवायचं? तर ज्या देशाच्या पोटात पोप राहतात त्या देशाचं नाव आणि आपलं वात्सल्य हे एकाच गोठ्यातले. माझा तर असाही तर्क आहे की वसुबारस म्हणजे मुळात वत्सबारसच, संस्कृतात गोवत्सद्वादशीच म्हणतात ना, वसु म्हणजे धन हे मागाहून चिकटवलेलं. याला पुरावा विचारू नका, पण त्या दिवशी पूजा सवत्स गाईचीच होते, तिजोरीची नाही.

आता गोठ्यातच आलोय तर सांगतो. आमचं आजोळ सासवडकडचं. मी सात-आठ वर्षांचा असताना पहाटे गाय व्याली, आजीनं मला उठवून कंदिलाच्या उजेडात नेलं. वासरू म्हणजे नुसता चिकट ओला गोळा, अंगाला रक्त, पातळ पडदा, वर कोंडा आणि माती. मी नाक दाबलं. गाय मात्र चाटत होती, नाक, डोळे, कानांच्या आतून, ते बिचारं जिभेच्या धक्क्यानं कलंडत होतं तरी सोडेना. आजी म्हणाली, "नाक काय दाबतोस, तुलाही असंच पुसून घेतलं होतं." मग ते धडपडत उठलं, कासेला ढुसण्या दिल्या आणि गाईनं पान्हा सोडला. पान्हा हाही काय शब्द आहे, संस्कृत प्रस्नव, पाझर! माणूस धार काढायला बसला तर गाय पान्हा चोरते, वासराला चोरत नाही.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णव या विष्णुभक्त संप्रदायाच्या आचार्यांनी वात्सल्याचा अर्थ सांगताना नेमकी हीच गाय घेतलीय. ती अंगावरची घाण चाटते तसे देव भक्ताचे दोष गोड मानतो असं एक पक्ष म्हणतो, दुसरा म्हणतो गोड बिड काही नाही, नुसती डोळेझाक करतो. यावरून त्यांच्यात चांगलेच वाद झालेत. कॅथलिकांकडं पाप गोड मानत नाहीत, कन्फेशनला बसून कबूल करावं लागतं, पण कबूल केल्यावर जे होतं ते त्या पहाटेच्या चाटण्याहून फार लांबचं नसावं असं मला, बाहेरच्या माणसाला, वाटतं.

एका जाणकारांनी मला मागं ऐकवलं होतं की वात्सल्य हा वैष्णव भक्तीतला शब्द, ख्रिस्ती लेखनात "दया"च हवा. काय हो? फादर थॉमस स्टीफन्सनं १६१६ मध्ये गोव्यात मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण छापलं, त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलंय. त्या इंग्रज जेझुइटाला (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) वैकुंठ चाललं आणि तुम्हाला वासरू चालेना! शिवाय दया कुणावरही करता येते, दारात आलेल्यावरसुद्धा. बायबलमध्ये जो हिब्रू शब्द आहे, रहमीम, तो रेहेम म्हणजे गर्भाशय, त्याच्याशी जोडलेला. अरबीतले रहम, रहीम त्याचेच भाऊबंद, आणि आपण "जरा रहम कर बाबा" म्हणतो तेव्हा नकळत गर्भाशयच काढतो. यशयाच्या ४९व्या अध्यायात देव विचारतो की आई आपल्या तान्ह्याला विसरेल का, पोटच्यावर तिला माया येणार नाही का, ती विसरली तरी मी तुला विसरणार नाही. तिथं मूळात क्रियापद याच धातूचं आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० च्या परिपत्रकात एका लांबलचक तळटीपेत हे गर्भाशयाचं नातं उलगडून सांगितलंय, आणि त्यांच्या आधीचे, जेमतेम ३३ दिवस पोप राहिलेले पहिले जॉन पॉल १० सप्टेंबर १९७८ ला चौकातल्या लोकांना सरळ म्हणाले होते की देव बाप आहे, त्याहूनही आई आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही आहे की देवाची माया आईच्या रूपानं सांगता येते, देव स्वतः ना पुरुष ना स्त्री. मग "दया" पुरते कसे? मराठीत हिब्रूच्या तोडीस तोड "पोटात तुटणं", "आतड्याची माया" आहे, शुभवर्तमानात येशूला गर्दी बघून "कळवळा" आला असं मराठीत येतं त्या जागी ग्रीकमध्ये आतड्यांवरूनच बनलेलं क्रियापद आहे. एवढा ऐवज घरात असताना दया दया काय.

हां, ममता. ते राहिलंच. मम म्हणजे माझं, ममता म्हणजे माझेपणा. आईला शोभतो, पण गीतेच्या १२व्या अध्यायात भक्त कसा असावा तर मैत्र, करुण आणि लगेच निर्मम, म्हणजे करुणा हवी, ममता नको. (आता हिंदीच्या नादानं निर्मम म्हणजे क्रूर असं लिहितात, त्यावर परत कधीतरी भांडू.) मावशींना ममता म्हणायचं तर म्हणू देत, लोक म्हणतातच, पण मुलांना मी वात्सल्यच शिकवीन. त्यांच्यातल्या निम्म्यांनी वासरू फोनवरच बघितलं असेल, तर एखाद्या रविवारी जवळच्या गोठ्यात घेऊन जा. आणि फादरांना तेवढं ते "ता" काढायला सांगा.