ब्लॅक होल दिसत नाही, मग दुर्बीण बघते तरी काय?

प्रश्न : नमस्कार सर, ब्लॅक होलमधून प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही म्हणतात, मग आपला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह ब्लॅक होलचे एक्स-रे पकडतो म्हणजे नक्की काय पकडतो? आणि त्यासाठी अंतराळात कशाला जायचं, डोंगरावर दुर्बीण लावून जमत नाही का? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि दोष आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचा, 'ब्लॅक होलचे एक्स-रे' असं सर्रास लिहून मोकळे होतो. एक्स-रे ब्लॅक होलमधून येत नाहीत, ते येतात त्यात पडायच्या आधीच्या गॅसमधून. गरुड तारकासमूहात जीआरएस १९१५+१०५ नावाची जोडी आहे, साधारण २८ हजार प्रकाशवर्षं लांब. एक ब्लॅक होल, सूर्याच्या १२ पट वजनाचं, आणि एक फुगलेला म्हातारा तारा, दोघं ३४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. ब्लॅक होल ताऱ्याचा गॅस ओढून घेतं, पण तो गॅस सरळ आत पडत नाही कारण त्याला फिरण्याचा वेग असतोच, मग गोल गोल फिरत तबकडी होते, आतल्या बाजूला घर्षणाने तापत तापत कोटीभर अंशांवर जाते आणि इतकी तापलेली वस्तू चमकते ती एक्स-रेमध्ये.

डोंगराचं म्हणाल तर एव्हरेस्टवर गेलात तरी उपयोग नाही, वातावरण हे एक्स-रे खूप उंचावरच शोषून घेतं. (एरवी ते आपल्या फायद्याचंच आहे म्हणा.) म्हणून २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर वर पाठवला.

प्रश्न : मग त्याने काढलेला ब्लॅक होलचा फोटो कुठे बघायला मिळेल? – तेच वाचक

उत्तर : फोटो नाहीये हो! त्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण, जे मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बनलं, ते फोटो काढतच नाही. झेनॉन गॅस भरलेल्या मोठ्या पेट्या आहेत, एक्स-रेचा कण झेनॉनच्या अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतात, पेटीतल्या तारेवर विजेचा छोटासा ठोका पडतो आणि त्याची वेळ सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदली जाते. बस, एवढंच. अशा पेट्या ३ होत्या, त्यातल्या एकीतून गॅस गळायला लागला आणि २०१८ मध्ये ती बंद करावी लागली.

पण माझ्या मते फोटोपेक्षा ही वेळांची यादी जास्त भारी आहे. या जोडीचा प्रकाश कधीकधी ५०-६० सेकंदांनी नियमित उसळतो, आलेख काढला तर डिट्टो ईसीजी, शास्त्रज्ञसुद्धा त्याला 'हार्टबीट' म्हणतात. तबकडीचा आतला भाग रिकामा होतो, परत भरतो, परत रिकामा, असा तो प्रकार असावा. त्याहून बारीक थरथर म्हणजे सेकंदाला ६७ ते ७० वेळा, ती आधी नासाच्या आरएक्सटीई या एक्स-रे उपग्रहाने पकडली होती आणि लॅक्सपीसीलाही सापडली. गंमत अशी की तेज भरपूर बदललं तरी हा आकडा फारसा हलत नाही, म्हणजे तो गॅस किती पडतोय यावर नाही तर ब्लॅक होलचं वजन आणि ते स्वतःभोवती किती जोरात फिरतंय यावर ठरत असणार, असं बरेच जण मानतात. नेमकं कसं यावर भांडणं चालू आहेत.

वजन मात्र एक्स-रेने नाही मोजलं. मध्ये इतकी धूळ आहे की साध्या दुर्बिणीला तो तारा दिसतच नाही, इन्फ्रारेडमध्ये त्याची ये-जा मोजून वजन काढलं, म्हणजे जमिनीवरच्या दुर्बिणी अगदीच बिनकामाच्या नाहीत!

प्रश्न : मी बीएस्सी फिजिक्सला आहे, हा डेटा मला मिळू शकतो का? – एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मिळतो की, आणि फुकट. ज्यांनी निरीक्षण मागितलं त्यांची राखीव मुदत संपली की इस्रोच्या आयएसएसडीसी या डेटा केंद्राच्या साइटवर तो सगळ्यांना खुला होतो, रजिस्टर करायचं आणि डाउनलोड करायचा. लिनक्स आणि थोडं पायथन आधी शिकून घे. अडलीस तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अ‍ॅस्ट्रोसॅट सपोर्ट सेल आहे. आणि सुरुवात हार्टबीटवाल्या दिवसांच्या डेटानेच कर, बाकीचे आलेख पहिल्यांदा बघताना नुसता गोंगाट वाटतो.