‘सर माझ्याशी कधीच तसे वागले नाहीत’

आल्या आल्या त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. “मॅडम, हे आधी वाचा. मग बोलू.”

एक पत्र होतं. विद्यापीठाच्या अॅथलेटिक्स संघातल्या जुन्या खेळाडूंनी आपल्या प्रशिक्षकांच्या पाठिंब्यासाठी लिहिलेलं. खाली 41 नावं. त्याचं नाव त्यात नव्हतं, आणि आदल्या रात्रीपासून ग्रुपवर तगादा चालू होता, ‘कॅप्टन, तुझी सही राहिलीय.’

(मी समुपदेशक आहे. हे त्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रकरण थोडक्यात असं. प्रशिक्षकांवर तीन माजी खेळाडूंनी लैंगिक अत्याचाराची तक्रार केली होती. चौकशी चालू होती, सरांना कामावरून दूर ठेवलं होतं आणि सगळ्या विद्यापीठात तट पडले होते. हा 31 वर्षांचा, आठ-नऊ वर्षांपूर्वी त्याच संघाचा कॅप्टन. वडील लवकर गेलेले. एका वर्षाची फी सरांनी स्वतः भरलेली, पहिली नोकरी सरांच्याच शब्दावर लागलेली.

“माझ्याशी ते कधीच तसे वागले नाहीत,” तो म्हणाला. “एकदासुद्धा नाही. मग मी काय म्हणू? त्या मुली खोटं बोलतायत असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि सर असे आहेत, असं म्हणायलाही.”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते ऐकताना मी पेन खाली ठेवते. प्रशिक्षकाबद्दल, शिक्षकाबद्दल, काकाबद्दल, डॉक्टरबद्दल. ‘माझ्याशी तर ते चांगलेच होते.’ बोलणाऱ्याला वाटतं की आपण एक पुरावा मांडतोय आणि समोरच्याने तो खोडून काढावा किंवा मान्य तरी करावा. मी दोन्ही करत नाही. सर दोषी की निर्दोष, हे ठरवायला मी बसलेली नाही. त्याला सही करायची की नाही, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता.

म्हणून मी पत्र छापून घेतलं आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. म्हटलं, “ओळीओळीने जाऊ. यातलं तुला स्वतःला काय माहीत आहे? ऐकलेलं नको, वाटतं ते नको. माहीत असलेलं.”

‘सरांनी शेकडो खेळाडू घडवले.’ त्याने थोडा विचार केला. “शेकडो माहीत नाही. मला घडवलं.” खोडलं, वर ‘मला’ लिहिलं. ‘सरांच्या हातून असं कृत्य घडणं अशक्य आहे.’ पेन्सिल बराच वेळ तिथेच टेकून राहिली. मग आडवी रेघ. ‘हे आरोप प्रसिद्धीसाठी केलेले आहेत.’ इथे तो चिडलाच. “कुणाला प्रसिद्धी मिळाली? त्यांची नावंसुद्धा बाहेर आलेली नाहीत.” रेघ. असं करत अकरा ओळींतल्या चार उरल्या. चारही ‘मला’ने सुरू होणाऱ्या.

“मग हे पत्र माझ्याबद्दलचंच झालं की,” तो म्हणाला.

ग्रूमिंग हा शब्द आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो. मुलाचा विश्वास हळूहळू मिळवायचा, त्याला ‘खास’ करायचं, छोट्या छोट्या गुपितांत अडकवायचं आणि मग मर्यादा ओलांडायची. पण ज्याला हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू ठेवायचं असतं, त्याला एकट्या मुलाला वश करून भागत नाही. आईवडील, सहकारी, संस्था, गाव, सगळ्यांनाच आपल्या बाजूला ठेवावं लागतं. ते चांगुलपणानेच होतं आणि तो चांगुलपणा दर वेळी नाटकीच असतो असंही नाही. फी खरोखर भरली जाते. नोकरी खरोखर लागते.

त्याला मी लॅरी नासरबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाचा आणि तिथल्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाचा हा डॉक्टर. 2016 च्या सप्टेंबरमध्ये त्याच्यावरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप वर्तमानपत्रात आले. दोनच महिन्यांनी तिथल्या शाळामंडळाची निवडणूक होती. त्याने माघार जाहीर केली होती, पण मतपत्रिकेवर नाव राहून गेलं होतं. त्या नावाला 2,000 हून जास्त मतं पडली. काहींनी बातमी वाचली नसेल, पण कित्येकांनी वाचूनही दिली असतील, कारण ‘आमच्या मुलीला त्यानेच बरं केलं’. 2018 च्या जानेवारीत शिक्षेची सुनावणी झाली तेव्हा सात दिवसांत 150 हून अधिक जणींची निवेदनं झाली. काहींनी सांगितलं, तपासणीच्या नावाखाली ते चाललेलं असताना आई त्याच खोलीत बसलेली होती. त्याआधी तक्रारी झाल्या नव्हत्या असंही नाही. एका मुलीने 1997 मध्येच प्रशिक्षिकेला सांगितलं होतं. 2014 मध्ये विद्यापीठाने चौकशी केली, त्याला निर्दोष ठरवलं आणि तो पुन्हा रुग्ण तपासू लागला.

“आई खोलीत होती?” त्याने दोनदा विचारलं.

मी म्हटलं, हो. तिलाही तो डॉक्टर चांगलाच वाटत होता. तुझी कृतज्ञता खरी आहे, ती कुणी तुझ्याकडून काढून घेणार नाही. पण बंद दाराआड काय झालं याची साक्ष ती देऊ शकत नाही.

दुसऱ्या भेटीला तो वेळेआधीच येऊन बसला होता, खुर्चीच्या अगदी कडेवर.

“मॅडम, एक गोष्ट आठवली.” मग जरा थांबून, “म्हणजे आठवत होतीच.”

संध्याकाळचा सराव संपला होता. सरांची खोली मैदानाच्या टोकाला, साहित्याच्या खोलीपलीकडे. पहिल्या वर्षाची एक लांब उडीवाली मुलगी. तिला उडीचा व्हिडिओ बघायला सरांनी बोलावलं होतं. हा बॅग भरत होता. ती त्याच्याजवळ आली आणि म्हणाली, “दादा, तू थांबशील का पाच मिनिटं?”

“मी म्हटलं, घाबरतेस काय, सर खात नाहीत कुणाला.” तो माझ्याकडे बघत नव्हता. “सगळे हसले. मी गेलो. पुढच्या सत्रात तिने खेळ सोडला. आम्ही म्हणालो, झेपलं नाही तिला.”

इथे माझी चूक झाली. मी लगेच म्हणाले, “तुला माहीत नव्हतं. तुझा काही दोष नाही.” त्याने मान डोलावली आणि पुढची दहा मिनिटं तो ऑफिसातल्या बदल्यांबद्दल बोलत राहिला. मी न वाचताच शिक्का मारला होता, आणि ते त्याला कळलं होतं. इतकी वर्षं हे काम करूनही समोरच्याचं दुःख बघवत नाही म्हणून माझ्या तोंडून असं सर्टिफिकेट निघून जातं. त्याने सुटका माझी होते, त्याची नाही.

मी त्याला थांबवलं. म्हटलं, “मघाशी मी घाई केली. ते पुन्हा सांग.”

दुसऱ्यांदा सांगताना बुटाची नाडी आली. ती मुलगी दाराशी उभी होती आणि वाकून नाडी बांधत होती. बांधलेली सोडून पुन्हा बांधत होती. दोनदा, तीनदा. तो फाटकापर्यंत पोचला, मागे वळून पाहिलं, तेव्हाही ती वाकलेलीच होती.

मग आम्ही दोन माणसं वेगळी केली. तेव्हाचा 22 वर्षांचा कॅप्टन आणि आजचा हा. कॅप्टनला काय माहीत होतं? एक मुलगी बुजली होती, एवढंच. संघात कोण राहणार, स्पर्धेला कोण जाणार, शिष्यवृत्तीसाठी कुणाची शिफारस होणार, हे सगळं सरांच्या हातात होतं. ‘बुजणं’ म्हणजे ‘कच्चं असणं’, ही त्या मैदानावरची भाषा होती आणि ती त्यालाही सरांनीच शिकवली होती. पुढचं सगळं कळल्यावर मागचं प्रत्येक चिन्ह ठळक दिसतं. त्या वेळी ते शंभर इतर गोष्टींमध्ये मिसळलेलं असतं. याचा अर्थ त्याने थांबायला नको होतं असा होत नाही. थांबला असता तर बरं झालं असतं. हे तसंच राहू द्यावं लागतं. मी ते पुसायला गेले की तो पुन्हा ऑफिसातल्या बदल्यांकडे वळणार, हे मला आता कळलं होतं.

आजच्या माणसाला मात्र काहीतरी माहीत होतं. त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता.

अमेरिकेतल्याच पेन स्टेट विद्यापीठाची हकिगत मी यासाठीच सांगितली. फुटबॉल संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की गरजू मुलांसाठी संस्था चालवायचा आणि त्याच मुलांचं शोषण करायचा. 2001 मध्ये संघातल्या एका तरुणाने त्याला विद्यापीठाच्या स्नानगृहात एका मुलाबरोबर पाहिलं. त्याने मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना सांगितलं. पॅटर्नोंनी क्रीडा संचालकांना सांगितलं. गोष्ट अध्यक्षांपर्यंत गेली आणि तिथेच मुरली. बालसंरक्षण यंत्रणेकडे कुणी तक्रार केली नाही. सँडस्कीला अटक झाली ती 2011 च्या नोव्हेंबरमध्ये, आणि पुढच्या वर्षी 45 आरोप सिद्ध झाले. मधली दहा वर्षं प्रत्येक जण म्हणू शकत होता, मी वरच्याच्या कानावर घातलं होतं. अध्यक्षांसह तिघा पदाधिकाऱ्यांना 2017 मध्ये मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल शिक्षा सुनावली गेली.

“मी तर कानावरही घातलं नाही,” तो म्हणाला.

“तेव्हा घालण्यासारखं तुझ्याकडे काय होतं? आज आहे.”

त्याने चौकशी समितीसाठी एक पान लिहिलं. वर्ष, साधारण महिना, खोली कुठे होती, मुलगी काय म्हणाली, आपण काय म्हणालो. सर कसे आहेत याबद्दल एक अक्षर नाही. ‘माझी एका वर्षाची फी सरांनी भरली होती’ हे वाक्य त्याने दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं आणि शेवटी ठेवलं. मला ते तेव्हा अस्थानी वाटलं होतं, पण मी बोलले नाही. आता वाटतं, ठेवलं ते बरंच. हे कोण सांगतंय, ते वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्याने जवळजवळ केली होती. त्या मुलीचं प्रोफाइल शोधून ‘सॉरी’ असा लांबलचक मेसेज टाइप करून ठेवला होता. “पाठवू?”

मी नको म्हटलं, आणि इतक्या स्पष्टपणे मी सहसा नको म्हणत नाही. तक्रार करणाऱ्या तिघींत ती आहे की नाही, त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी खोलीत काही घडलं की नाही, हेही नाही. समजा घडलं असलं, तर तिने ते घरी सांगितलंय का, तिला ते आठवायचंय का, काहीच ठाऊक नाही. एखाद्या मंगळवारी दुपारी फोन वाजणार आणि आठ-नऊ वर्षांपूर्वीचा कॅप्टन तिच्याकडे माफी मागणार. म्हणजे त्याची समजूत घालायचं कामही पुन्हा तिनेच करायचं. ती आपणहून बोलली तर ऐक. खोदून विचारू नकोस, ‘तेव्हाच का नाही सांगितलंस’ हे तर चुकूनही नको. तोवर तो मेसेज तुझ्याकडेच राहू दे.

(असं प्रकरण बाहेर आलं की ज्यांच्यावर पूर्वी, कुठेतरी भलतीकडेच, अत्याचार झालेला असतो त्यांचीही झोप उडते. त्या महिन्यात माझ्याकडे असे चौघे आले, चौघांचाही त्या संघाशी काडीचा संबंध नव्हता. तुमचं तसं होत असेल तर बातम्या थोडे दिवस बंद ठेवा आणि एका तरी माणसाला सांगा.)

ग्रुपवर त्याने दोनच वाक्यं टाकली. ‘मी सही करणार नाही. मला जे माहीत आहे ते मी समितीला कळवलंय.’ अर्ध्या तासात खाल्ल्या मिठाला न जागणाऱ्यांची यादी त्याच्या नावाने सुरू झाली. विद्यापीठाची अब्रू, संघाचं नाव, पदकं, सगळं निघालं. त्याला सगळ्यात लागलं ते एका जवळच्या मित्राचं, ‘तुला काय कमी केलं होतं रे त्यांनी?’ त्यावर त्याने उत्तर दिलं नाही. आठवड्याने पत्राची सुधारित प्रत फिरली, तेव्हा खाली 38 नावं होती. तिघं कोण गळले, कुणी कुणाला विचारलं नाही.

पेन स्टेटमध्ये 9 नोव्हेंबर 2011 ला पॅटर्नोंना काढलं, त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्यांनी एका वाहिनीची गाडी उलथवली. दोनच दिवसांनी त्याच आवारात पीडितांसाठी हजारो मेणबत्त्या पेटल्या. मला नेहमी वाटतं, दोन्ही गर्दींत काही चेहरे तेच असणार.

शेवटच्या भेटीत त्याने विचारलं, “फोटोचं काय करू?” आईच्या घरी बाहेरच्या खोलीत संघाचा मोठा फोटो आहे, मधोमध सर. पेन स्टेटच्या गावात भिंतीवर एक चित्र आहे, ते मला आठवलं. चित्रकाराने सँडस्कीला पुसून तिथे रिकामी खुर्ची आणि बालशोषणविरोधाची खूण असलेली निळी फीत रंगवली. पॅटर्नो वारले तेव्हा त्यांच्या डोक्यामागे प्रभावळ काढली, आणि सहा महिन्यांनी चौकशीचा अहवाल आल्यावर ती पुसून टाकली. तो पहिल्यांदाच हसला. “म्हणजे त्यालाही एकदम ठरवता आलं नाही.”

मग त्याने फोन काढला. फोटोचा फोटो काढून आणला होता. दोन बोटांनी मोठा करत तो सरांवरून, स्वतःवरून पुढे गेला, मागच्या रांगेत, उजवीकडून दुसरी. पुढच्या मुलाच्या खांद्याने तिचा अर्धा चेहरा झाकला गेला होता.

“इतकी वर्षं रोज समोर होता हा फोटो,” तो म्हणाला. “ती यात आहे, हे मला परवा कळलं.”