लाकडी कयाकच्या बांधणीचा सांगाडा पडून मोडलाय. दुरुस्त करावा की नवा बनवावा?

दुरुस्त करा. तुम्ही लिहिलंय ते असं: लाकडी घोड्यांवरून (ज्या स्टँडवर सांगाडा ठेवतात) सांगाडा खाली आला, फर्मे ज्यावर उभे असतात त्या मधल्या लांब कण्याला तडा गेला, प्लायवुडचे दोन फर्मे (बोटीला आकार देणारे आडवे साचे) मोडले आणि फर्म्यांवर दोन्ही बाजूंना बोटीच्या अंगाच्या दोन-दोन लाकडी पट्ट्या आधीच चिकटवलेल्या आहेत. एवढ्यावरून सगळं मोडीत काढायची गरज नाही. नवा सांगाडा बांधला तरी खरा वेळ जातो तो फर्मे एका रेषेत आणण्यात, आणि ते काम दुरुस्तीनंतरही तेवढंच करावं लागणार.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. हा सांगाडा पाण्यात जात नाही. बोट तयार झाली की तो आतून निघतो. म्हणून जोड कितीही ओबडधोबड दिसला तरी चालेल, आकार मात्र चुकता कामा नये. पट्टी असते जेमतेम 6 मिमी जाडीची. एखादा फर्मा 2 मिमी जरी वर राहिला, तरी तो उंचवटा नंतर घासून काढताना तिथली एक तृतीयांश जाडी गेलीच म्हणून समजा.

गोंदाची बाटली उघडण्याआधी कण्याचा पीळ तपासा. दोन सरळ, सारख्या रुंदीच्या पट्ट्या घ्या, कण्याच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एका टोकाला वाकून दोघींच्या वरच्या कडा एकमेकींवर येतात का ते पाहा. एक कड तिरकी दिसली तर कणा पिळलाय. थोडा बाक असेल तर मला त्याची फारशी काळजी वाटत नाही, कारण फर्मे कण्याच्या नाही, ताणलेल्या दोरीच्या रेषेत लावायचे असतात आणि थोडे सरकवून बसवता येतात. पीळ मात्र नकळत सगळ्या फर्म्यांत शिरतो. पिळलेली कयाक पाण्यात कायम एका बाजूला ओढते. पुढे सुकाणू लावून ती खोड सांभाळून घेता येते, पण जात नाही.

पीळ काढायला कण्याच्या पायांखाली पाचरी सारा आणि त्या दोन पट्ट्यांवर नजर ठेवून थोड्या-थोड्या ठोका. कणा सरळ झाला की तो तसाच धरून तड्यात गोंद भरा, दोन्ही अंगांना 12 मिमी प्लायवुडच्या लांब फळ्या गोंद आणि स्क्रूने बसवा. तड्याच्या अलीकडे-पलीकडे निदान दीड-दीड फूट तरी फळी हवी. गोंद ओला असतानाच पीळ पुन्हा तपासा, कारण स्क्रू आवळताना कणा परत फिरू शकतो. वाळल्यावर तपासून उपयोग नाही.

आता फर्मे. ते बहुतेक कण्याच्या खाचेपाशीच मोडतात, कारण तिथे लाकूड सर्वात कमी उरलेलं असतं. तुकडे सपाट फळीवर प्लास्टिक अंथरून जुळवा. तडा स्वच्छ असेल आणि बाहेरची कड शाबूत असेल, तर गोंद लावून मागून प्लायवुडचा तुकडा ठोका. हा तुकडा कोणत्या बाजूला लावायचा याला महत्त्व आहे. कयाक टोकांकडे निमुळती होत जाते, त्यामुळे फर्म्याची टोकाकडची कड पट्टीला टेकते आणि मध्याकडच्या बाजूला किंचित मोकळी जागा राहते. ठिगळ त्या मध्याकडच्या अंगाला लावा, तेही कडेपासून बोटभर आत. टोकाकडच्या अंगाला कडेलगत लावलंत तर ते पट्टीला बाहेर ढकलेल.

कड चिरडली असेल तर लांबी (पुट्टी) भरत बसू नका, तो फर्मा नवा कापा. नकाशा हाताशी नसेल तर शाबूत अर्धा भाग कागदावर उतरवा आणि मध्यरेषेवर कागद दुमडून दुसरा अर्धा मिळवा. एमडीएफचा (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डचा) फर्मा पाण्याने फुगला असेल तर तो टाकूनच द्या. कडांवर पॅकिंग टेप पुन्हा लावायला विसरू नका, नाहीतर पट्ट्या फर्म्याला चिकटतील.

फर्मे कण्यावर चढवताना वरून दोरी ताणा, ओळंबा सोडा, गुण्याने काटकोन पाहा. मग सगळ्यात खात्रीची परीक्षा: एक लांब, लवचिक, गाठ नसलेली पट्टी पाच-सहा फर्म्यांवर टेकवून वेगवेगळ्या उंचीवर धरा. एकाच फर्म्यापाशी फट दिसली तर तो खाली आहे. शेजारच्या दोघांपाशी फट दिसली तर मधला वर आलाय. डावीकडे फट आणि उजवीकडे फुगवटा असेल तर फर्म्याचा आकार बरोबर आहे, तो फक्त बाजूला सरकलाय. त्याला कानस लावू नका, सरकवा. खाली राहिलेल्या कडेवर टेपचे थर चढवा, वर आलेली कड कानसीने उतरवा, पण दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय काहीही घासू नका.

चिकटवलेल्या पट्ट्या मी तरी काढूनच टाकीन. पुढची प्रत्येक पट्टी या पहिल्या पट्ट्यांना धरून बसते, आणि पडताना त्या कुठे ताणल्या गेल्या ते बाहेरून कळत नाही. ठेवायच्याच असतील तर त्यांचे स्टेपल काढा आणि नव्याने लावलेल्या फर्म्यांवर त्या आपोआप बसतात का पाहा. दाबून बसवावं लागलं तर काढा.

कणा दोन-तीन ठिकाणी मोडला असेल किंवा पाचरी मारूनही पीळ निघत नसेल, तर तेवढा कणाच नवा करा. प्लायवुडची चौकोनी पोकळ पेटी केलीत तर ती साध्या फळीपेक्षा खूप कमी पिळते. फर्मे जुनेच वापरा. आणि यावेळी पाय जमिनीला स्क्रूने पक्के करा, मगच पहिली पट्टी चढवा.