जुन्या कारखान्यात होणारा ऑपेरा पाहायला जावं का? काही कळेल का?

तुम्ही लिहिलंय की शिकायला जर्मनीत बोखुमला आलात, ऑपेरा कधी पाहिलेला नाही, आणि रूरट्रिएनाले या कलामहोत्सवाचं तिकीट काढावं की बंद कारखान्यात पैसे वाया जातील, हे ठरत नाहीये. जरूर जा. माझा पहिला ऑपेरा तिथलाच, २००६ सालचा.

यारहुंडर्टहाले, म्हणजे तुम्ही म्हणता तो कारखान्याचा हॉल, नाट्यगृह म्हणून बांधलेलाच नाही. १९०२ साली ड्युसेलडॉर्फच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी हा लोखंडी सांगाडा उभारला, मग सुटा करून बोखुमच्या पोलाद कारखान्यात आणला. झोतभट्ट्यांतून निघणाऱ्या वायूवर इथली इंजिनं चालायची; त्यातून वीज मिळायची आणि भट्ट्यांना हवेचा झोतही. आत शिरलात की नजर आपोआप वर जाते, क्रेनच्या रुळांकडे.

मी पाहिला तो जर्मन संगीतकार बेर्न्ड अलोइस त्सिमरमानचा ‘दी झोल्डाटेन’, म्हणजे ‘सैनिक’. मारी ही व्यापाऱ्याची मुलगी. एक लष्करी अधिकारी तिला नादी लावतो, मग सोडून देतो, आणि ती रस्त्यावर येते. गोष्ट एवढीच. पण त्सिमरमानला काल, आज आणि उद्या एकाच वेळी रंगमंचावर हवे होते, प्रेक्षकांच्या भोवती अनेक मंच हवे होते. कोलोन शहरातल्या ऑपेरा-संस्थेने हे वाजवणं अशक्य म्हणून परत पाठवलं. बदल करून तिथेच १९६५ साली पहिला प्रयोग झाला. शंभराच्या वर वादक, जॅझ, ध्वनिफिती, चित्रफिती. हे नेहमीच्या नाट्यगृहात दाटीवाटीनेच बसवावं लागतं.

दिग्दर्शक डेव्हिड पाउंटनी यांनी बोखुमला काय केलं, तर लांबलचक अरुंद मंच घातला आणि आम्हा प्रेक्षकांचीच बैठक रुळांवर ठेवली. सुरुवातीला टिंपनीवर, म्हणजे नगाऱ्यासारख्या वाद्यावर, एकच स्वर घणासारखा पडत राहतो. छाती दडपते. थोड्या वेळाने मला वाटलं मंच सरकतोय, आणि मग पायाखाली बारीक थरथर जाणवली. आम्हीच सरकत होतो! मी नकळत पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मारी हातभर अंतरावर आली तेव्हा वरचा सूर लावण्याआधी तिच्या बरगड्या कशा फुगल्या ते दिसलं. घटकाभराने ती मागे, लांब, बोटाएवढी झाली. तिला टाकून आपण पुढे निघून आलो असं वाटलं, आणि ते फार लागलं.

शेवटी भीक मागणाऱ्या मारीला तिचा बापच ओळखत नाही. त्यावर लष्करी बुटांचे आवाज चढत जातात. मला तेव्हा जर्मन जेमतेम येत होतं, तरी त्या प्रसंगात एक शब्दही अडला नाही.

खोटं कशाला सांगू, पहिला अर्धा तास जड गेला. गुणगुणता येईल असं काही त्यात नाही. संगीत नाटकातल्या पदांसारखं काही मिळेल या आशेने गेलात तर हिरमुसाल. म्हणून कथानक आधी नीट वाचून जा. मी मित्राच्या आग्रहाने ट्राममध्ये वाचलं होतं, तेवढंही पुरलं.

मात्र कारखान्यात केलं म्हणजे चांगलंच, असं मानू नका. नंतर अशाच एका हॉलमध्ये मी असा प्रयोग पाहिला की साधा रंगमंच एका टोकाला मांडलेला, गंजलेल्या भिंती नुसत्या शोभेला, आणि गाणाऱ्यांचा आवाज छपरात विरून गेलेला. तिकीट काढण्याआधी एवढं बघा की प्रेक्षक कुठे बसणार आहेत. समोर रांगेत की मंचाच्या आजूबाजूला, मध्ये? वेगळी रचना दिसली तर बेधडक घ्या.

कपड्यांची चिंता नको, जीन्सवर लोक असतात. स्वेटर मात्र न्या. ऑगस्ट-सप्टेंबर असला तरी रात्री तो हॉल गार पडतो.